मुंगीच्या हद्दीत

भाऊजींना तो खेळ मी शिकवला. पुढे जे झालं त्यात माझा हात किती, हे माझं मलाच अजून ठरवता आलेलं नाही. तेव्हा जसं घडलं तसं सांगते.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात ते कटिंग मास्तर आहेत. लांबलचक टेबलावर साठ-साठ थर कापड अंथरायचं, वरच्या थरावर खडूने आखायचं आणि मशीनचं पातं एकदाच फिरवायचं. चूक झाली तर साठ सदरे एकदम वाया जातात, त्यामुळे पातं लावण्याआधी ते बराच वेळ नुसते बघत उभे असतात. कारखान्यात सगळे त्यांना मास्तर म्हणतात. ताईसुद्धा चारचौघांत मास्तरच म्हणायची, घरात नुसतं ‘अहो’. मला मात्र दोघंही धाकटी म्हणत आले, मी पंचेचाळिशी ओलांडली तरी.

मी एका इस्पितळात एक्स-रे काढते. लग्न केलं नाही, त्यामुळे ताईच्या एकुलत्या एका मुलीवर अर्धा हक्क आपला, असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं. ही भाची इमारतींचे नकाशे काढणाऱ्या एका कचेरीत नोकरी करते. रेल्वेने अकरा तास लागतात तिच्या गावी जायला.

ताई गेल्यावर भाचीने बापाशी बोलणं टाकलं. त्याचं असं झालं. ताईचं दुखणं वर्षभराचं. शेवटी शेवटी फुप्फुसात पाणी व्हायला लागलं. भाचीची तेव्हा शेवटच्या वर्षाची परीक्षा चालू होती. एका सोमवारी दुपारी डॉक्टरांनी भाऊजींना बाजूला घेऊन सांगितलं, ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवून घ्या. मी त्या आठवड्यात कावीळ होऊन घरी पडले होते, मला यातलं काही कळलं नाही. संध्याकाळी भाचीचा फोन आला तेव्हा भाऊजी म्हणाले, “बरी आहे आई. बुधवारचा पेपर नीट दे आणि मग ये.” गुरुवारपर्यंत निभेल असा त्यांचा अंदाज होता. बुधवारी सकाळी दहाला ताई गेली. भाची तेव्हा परीक्षेच्या हॉलमध्ये होती.

महिन्याभराने तिने मला विचारलं, “मावशी, आई मला बोलवत होती का गं?” वॉर्डातल्या सिस्टर माझ्या ओळखीच्या. त्यांनी मला सांगितलं होतं. मी ‘हो’ म्हटलं. त्याच संध्याकाळी ती बापासमोर उभी राहिली आणि आवाज न चढवता म्हणाली, “एक अख्खा दिवस माझ्या वाटणीचा होता. तो तुम्ही कापलात.” मग बॅग भरली आणि गेली. त्यानंतर सव्वादोन वर्षं तिने त्यांचा फोन उचलला नाही.

माझं आणि तिचं मात्र चालू होतं, आणि त्याला खेळाचं निमित्त होतं. तिनेच मला त्यात ओढलं होतं. कॉम्प्युटरवर दोनशे ताऱ्यांचा एक काळाभोर नकाशा. नऊ खेळणारे, कुठे कुठे बसलेले, एकमेकांना फक्त टोपणनावाने ओळखणारे. प्रत्येकाला सुरुवातीला एकच ग्रह मिळतो. तिथून पसरत जायचं. आधी ज्याचे शंभर ग्रह होतील तो जिंकला. पण यात धावपळ नसते. दिवसाला एकच फेरी. आपापले हुकूम दिवसभरात सवडीने लिहून ठेवायचे, आणि संध्याकाळी सहाला कॉम्प्युटर सगळ्यांचे हुकूम एकदम अमलात आणतो. मग दिसतं कोण कुठे पोचलं, कोण बुडालं. एकेक डाव सहा-सात महिने चालतो. शेजाऱ्याला निरोप पाठवायची सोय असते. खरा खेळ त्या निरोपांतच असतो, असं भाची म्हणायची. तिचं टोपणनाव ‘मुंगी’. माझं तिनेच ठेवलेलं, ‘एक्सरे’.

भाऊजी दर रविवारी सकाळी माझ्याकडे यायचे. चहा घ्यायचे, पेपर चाळायचे आणि उठता उठता विचारायचे, “बरी आहे ना?” मी म्हणायचे, “बरी आहे.” एवढ्यासाठी माणूस दोन बस बदलून यायचा.

अशाच एका रविवारी टेबलावर माझा लॅपटॉप उघडा होता.

“हे काय गं?”

“खेळ आहे. हिच्याबरोबर खेळते मी.”

“हिच्याबरोबर म्हणजे?” त्यांनी पेपर खाली ठेवला. “रोज?”

“रोज. सहाच्या आत.”

ते खुर्ची ओढून जवळ आले आणि कापड बघावं तसे नकाशाकडे बघत राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, “यात कुणीही येऊ शकतं का?”

मला कळलं त्यांच्या मनात काय आहे. मी नाही म्हटलं. पुढच्या रविवारीही नाही म्हटलं, त्याच्या पुढच्याही. चौथ्या रविवारी ते चौकटीची वही आणि दोन टोकदार पेन्सिली घेऊन आले. वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी ‘खेळ’ एवढंच लिहून खाली रेघ मारली होती. ती वही बघून माझा विरोध गळाला.

“एक महिना,” मी म्हटलं. “महिन्याने तुम्ही स्वतः तिला सांगायचं, तुम्ही कोण आहात ते.”

“सांगेन.”

नवा डाव सुरूच होत होता. मी त्यांचं नाव नोंदवलं, ‘नवखा’. कारखान्यात कुणीतरी टाकून दिलेला जुना लॅपटॉप त्यांनी दुरुस्त करून घेतला आणि आमची शाळा सुरू झाली.

“मारायचं कुणाला?” हा त्यांचा पहिला प्रश्न.

“कुणालाच नाही. पहिल्या दहा फेऱ्या फक्त घर बांधायचं. हा आकडा तुमच्या माणसांचा. माणसं कारखाने चालवतात, कारखाने जहाजं बांधतात. आधीच जहाजं बांधायला घेतलीत तर कारखाने वाढत नाहीत, आणि माणसांना जागा पुरली नाही तर माणसं वाढत नाहीत.”

“म्हणजे आधी लेआउट, मग कटिंग.”

“हं. आणि हा तुमच्या ग्रहाभोवतीचा गोल बघा. एवढंच तुम्हाला दिसतं. गोलाच्या बाहेर काय चाललंय ते कळायला टेहळणीचं जहाज पाठवायचं. पण जाताना परतीचं इंधन मोजून पाठवायचं, नाहीतर ते तिथेच अडकतं.”

ते सगळं वहीत उतरवून घेत. तरी पाचव्या फेरीत त्यांनी वसाहत करायला एक जहाज लांबच्या ग्रहाकडे धाडलं, आणि ते निम्म्या वाटेत इंधन संपून उभं राहिलं.

“यात माणसं आहेत का?”

“भाऊजी, आकडे आहेत ते.”

“किती?”

“बाराशे. सोडून द्या. नवीन बांधा.”

त्यांनी सोडलं नाही. तीन फेऱ्या खर्ची घालून इंधनाचं जहाज पाठवलं आणि त्या बाराशे आकड्यांना घरी आणलं. खेळाच्या दृष्टीने हा शुद्ध वेडेपणा होता.

नवव्या फेरीनंतर एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. “तिचा निरोप आलाय.”

नकाशावर कोण कुठे बसणार हे कॉम्प्युटर ठरवतो. त्याने नवख्याला मुंगीच्या शेजारी बसवलं होतं. निरोप असा होता: ‘नमस्कार नवखे. तुमचं टेहळणीचं जहाज काल माझ्या हद्दीत आलं होतं. पाडलं नाही. पुढच्या वेळी आधी कळवा.’

उत्तराचा मसुदा त्यांनी मला वाचून दाखवला. “आपला निरोप मिळाला. चूक झाली. पुन्हा होणार नाही.”

“भाऊजी, हे मुख्याध्यापकांना लिहिल्यासारखं झालं. जसं बोलता तसं लिहा.”

“तसं लिहिलं तर ओळखेल,” ते म्हणाले आणि तसंच पाठवलं.

तिचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. ‘अहो, एवढं घाबरू नका. पहिलाच डाव दिसतोय. तह करू या का? मधले सात तारे आहेत, चार तुमचे, तीन माझे. मला कमी चालतील, पण तो निळा मला हवाय.’

पुढे तीन महिने हे चाललं. मी शिकवायचं तेवढं शिकवलं होतं, त्याच्या पुढचा खेळ त्यांना तिने शिकवला. रोज एखादी ओळ यायची. सगळी जहाजं सीमेवर लावू नका, मध्ये ठेवा, म्हणजे कुठेही दोन फेऱ्यांत पोचतील. ज्या ग्रहावर कारखाने नाहीत तो राखायला जीव टाकू नका. पलीकडच्या ‘सरदार’ नावाच्या माणसाशी गोड बोला, पण त्याला आपली जहाजं मोजू देऊ नका. शेजाऱ्याचा निरोप येईनासा झाला की समजा, तो जहाजं बांधतोय.

“हे हिला कुणी शिकवलं?” भाऊजी मला विचारायचे.

“तिचं ती शिकली.”

“आईवर गेलीय. तीसुद्धा आधी सगळ्यांना गोड बोलून घ्यायची.” मग हसायचे. ताई गेल्यावर मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं. वजन थोडं भरलं होतं. रविवारी आले की वही उघडून कालच्या ओळी वाचून दाखवायचे, जणू मी त्या डावात नाहीच.

महिना कधीच उलटून गेला होता. मी आठवण केली की म्हणायचे, अजून आठ दिवस. दुसऱ्यांदा आठवण केली तेव्हा म्हणाले, “एवढी लढाई होऊन जाऊ दे.” तिसऱ्यांदा मी केलीच नाही. मला मोह पडला होता. ती मला फोनवर सांगायची, “मावशी, तो नवखा फार सज्जन माणूस आहे गं. एकदम जुन्या वळणाचा. चुकीचं पाऊल पडलं तरी माफी मागतो.” हे ऐकायला मला आवडायचं. वाटायचं, चाललंय ना, चालू दे. एक दिवस दोघं हसून मोकळे होतील.

एकदा तिने त्यांना विचारलं, ‘तुम्ही करता काय?’ त्यांनी लिहिलं, ‘कारखान्यात आहे. उभ्याचं काम.’ मग, ‘घरी कोण?’

‘मी एकटाच. एक मुलगी आहे, बाहेरगावी.’

‘बोलणं होतं?’

‘होतं. रोज संध्याकाळी सहाला.’

‘नशीबवान आहे,’ एवढंच तिने लिहिलं. कोण, ते लिहिलं नाही.

त्यानंतर पाच-सहा दिवसांनी, एका मंगळवारी, तिचा मोठा निरोप आला. भाऊजी दुसऱ्या दिवशी दुपारी थेट माझ्या इस्पितळात आले. एक्स-रेच्या खोलीबाहेर बाकावर पेशंटांच्या रांगेत बसून राहिले. शेजारच्या आजीबाईंनी त्यांना विचारलं, “कुठे मोडलंय?” मला जेवणाची अर्ध्या तासाची सुट्टी झाल्यावर त्यांनी वही पुढे केली. निरोप त्यांनी अक्षर न अक्षर उतरवून घेतला होता.

‘तुम्ही मुलीबद्दल लिहिलंत म्हणून सांगते. माझे वडील आहेत, पण मी त्यांच्याशी बोलत नाही. आई गेली तेव्हा मला उशिरा बोलावलं, एवढंच लोकांना माहीत आहे. एक गोष्ट कुणालाच माहीत नाही. त्या सोमवारी मी रात्रीच्या गाडीचं तिकीट काढलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, माझंच मन लागत नव्हतं. निघायच्या आधी फोन केला. वडील म्हणाले, बरी आहे. मी तिकीट परत केलं. बुधवारी पेपरात काही आठवेना, तासाभरात उठले आणि बाहेर पायरीवर बसून राहिले. तेव्हा आई गेलेली होती.

त्यांनी वाईट मनाने केलं नाही हे मला कळतं. माझ्या भल्यासाठीच केलं. मला त्याचीच भीती वाटते. जो माणूस आपल्या भल्यासाठी खोटं बोलतो, त्याचं खरं कुठलं हे कसं ओळखायचं? आज ते ‘मी बरा आहे’ म्हणाले तर मी काय समजायचं?’

मी वही मिटली. तिकिटाचं मलाही तिने कधी सांगितलं नव्हतं.

“मला सांगून टाकायचंय,” भाऊजी म्हणाले.

“आता नको. आता सांगितलंत तर तिला वाटेल, हेही तसंच.”

“तसंच आहे ना.”

“जाईल ती, भाऊजी.”

“जाईल.” त्यांनी वही हातात घेतली. “पण धाकटी, रोज सहाला मी तिच्याशी खोटं बोलतोय, आणि मला झोप चांगली लागतेय. हे काही खरं नाही.”

मी थोडा वेळ विरोध केला. त्यांच्यासाठी केला असं तेव्हा वाटलं होतं. खरं म्हणजे मी माझ्यासाठी करत होते.

त्यांनी त्याच संध्याकाळी लिहिलं. मला आधी दाखवलं नाही. ‘मुंगीस. मी बाबा. खेळ मावशीने शिकवला, पण माझ्या हट्टापायी, तिला बोल लावू नकोस. मुलीशी रोज बोलतो असं लिहिलं होतं ते तुझ्याचबद्दल होतं. तिकिटाचं मला ठाऊक नव्हतं. बाबा.’

उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी सहाची फेरी झाली तेव्हा मुंगीचा एकही हुकूम नव्हता. तिची जहाजं होती तिथेच उभी होती, कारखाने बंद. मला मात्र तिचा फोनवर निरोप आला: ‘तुलाही माहीत होतं.’ मी फोन केला, तिने उचलला नाही. दहा वेळा केला. दोन दिवसांनी केला. आठवडा गेला. ताईच्या घरातली जी एक माझी म्हणून होती, तीही गेली. घरी आले की लॅपटॉप उघडायची भीती वाटायची.

त्या खेळात असा नियम आहे, लागोपाठ सोळा फेऱ्या हुकूम दिले नाहीत तर कॉम्प्युटर तुमचं नाव काढून टाकतो. त्याआधीच सरदाराला वास लागला. मुंगी हालचाल करत नाही हे दिसताच त्याने पलीकडून तिच्या हद्दीत जहाजं घातली. पहिल्या दोन फेऱ्यांत तीन ग्रह घेतले.

भाऊजींनी आपली सगळी जहाजं तिच्या हद्दीत नेली. सगळी. मध्ये ठेवायची, सीमेवर नाही, वगैरे तिचे धडे त्यांना पाठ होते, पण त्यांनी ते बाजूला ठेवले. तिच्या ग्रहांभोवती कडं करून उभे राहिले. मीसुद्धा माझी पाठवली. माझी जागा नकाशाच्या दुसऱ्या टोकाला, मला पोचायला पाच फेऱ्या लागल्या. तेवढ्यात सरदाराने उलटा वळसा घालून भाऊजींचं मोकळं राज्य चाटून पुसून घ्यायला सुरुवात केली. त्यांच्या एकतीस ग्रहांचे बारा राहिले.

“तुमचे जाताहेत,” मी फोनवर म्हटलं. “निदान पहिला ग्रह तरी राखा.”

“माझे जाऊ देत. ती आली तर तिला सगळं जागच्या जागी मिळायला पाहिजे.”

बाराव्या दिवशी, दुपारी, तिचा निरोप आला. दोघांनाही तोच. ‘माझ्या हद्दीतून तुमची जहाजं काढा. मी मदत मागितली नव्हती.’

मी कामावरून परस्पर भाऊजींकडे गेले. ते कारखान्यातून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन घरी आले होते, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले होते. समोर जहाजांची यादी उघडी होती. एकेक जहाज निवडून ते परतीचा हुकूम लिहीत होते. शेचाळीस जहाजं.

“थोडी तरी राहू देत,” मी म्हटलं. “अजून चार दिवस आहेत. सरदार सगळं खाऊन टाकेल.”

“काढा म्हणालीय ना ती.”

“रागात म्हणालीय.”

“असू दे. म्हणालीय.” आणि पुढच्या जहाजाकडे वळले.

सहाच्या फेरीत आमची जहाजं निघाली. पुढच्या चार दिवसांत सरदाराने मुंगीचे सगळे ग्रह घेतले. नकाशावर तिचा रंग पिवळा होता. भाऊजी रोज सहाला बघायचे, पिवळं किती उरलं ते. त्यांनी एकाही फेरीत बोट हलवलं नाही. निळा तारा शेवटी गेला. त्या दिवशी त्यांनी लॅपटॉप बंद करून कपाटावर टाकला, आणि मीही खेळ सोडला.

तीन आठवड्यांनंतरची गोष्ट. रविवार होता, सकाळचे अकरा वाजले असतील. भाऊजी माझ्याकडे आले होते. मी भाजी चिरत होते, ते पेपर घेऊन बसले होते. त्यांचा फोन वाजला. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं आणि फोन माझ्यासमोर धरला. “हा तिचाच नंबर ना?”

“उचला.”

ते उठून उभे राहिले आणि मग उचलला. मला तिचं बोलणं ऐकू येत नव्हतं. जे ऐकलं ते त्यांचंच.

“हं. हो, मीच.”

“विचार.”

ती बराच वेळ काहीतरी बोलली.

“पहिल्यांदा सोमवारी, तुझा फोन येऊन गेल्यावर. तिला बोलवा, आई म्हणाली. मी म्हटलं, परीक्षा आहे. तर गप्प बसली. मग मंगळवारी सकाळी परत. मग दुपारी.”

“काय सांगितलं म्हणजे…”

ते थांबले. माझ्याकडे बघितलं. माझी सुरी थांबली होती. त्या खोलीत त्या वेळी काय झालं हे जाणणारं त्यांच्याखेरीज जगात कुणी नव्हतं. मी अंथरुणावर होते, सिस्टर येऊन-जाऊन. शांत झोपली होती, असं म्हणाले असते तर ते तसंच राहिलं असतं. मी मनात म्हणत होते, तसंच म्हणा.

“मी सांगितलं, निघालीय,” भाऊजी म्हणाले. “गाडीत बसलीय. सकाळपर्यंत पोचते.”

ते वाट बघत उभे राहिले.

“हो. तिला तसंच वाटत होतं.”

“हो. दाराकडेच. कुणाची चाहूल लागली की मान वळवायची.”

“बुधवारी पहाटे विचारलं, गाडी लेट आहे का हो. मी म्हटलं, हो. लेट आहे.”

यानंतर बराच वेळ फोन त्यांच्या कानाला नुसता लागलेला होता. बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती सुरू होत नव्हती.

“नाही,” ते शेवटी म्हणाले. “आणखी काही नाही. एवढंच लपवलं होतं.”

“बरं.”

“हो. बरं. ठेव.”

ते खाली बसले. फोन पेपरवर ठेवला. “रडत होती,” म्हणाले. “मला ऐकू येऊ नये म्हणून लांब धरला होता फोन.”

मी उठून बेसिनपाशी गेले आणि नळ सोडून उभी राहिले. मला ताई दिसत होती, उशीवर मान वळवणारी. दोन दिवस. माझी बहीण दोन दिवस दारात पोरगी येईल म्हणून जागी होती, आणि या माणसाने तिला गाडीची वेळ सांगितली होती. त्याला दुसरं काय सुचणार होतं, हेही कळत होतं. साठ थर एकावर एक ठेवून एकदाच पातं फिरवणारा माणूस. त्याच्या हातून पहिलं खोटं निसटलं आणि खालचे सगळे थर त्याच रेघेवर कापत गेले. कळत होतं, पण मी वळून त्यांच्याकडे बघू शकले नाही.

“तुम्ही मलाही सांगितलं नाहीत,” मी म्हटलं.

“कुणालाच सांगितलं नाही.”

त्या दिवशी मी त्यांना जेवायला थांबा म्हटलं नाही. ते थोडा वेळ बसले, मग चपला घातल्या आणि गेले. बसस्टॉप माझ्या खिडकीतून दिसतो. दोन बस आल्या, त्यात ते चढले नाहीत. तिसरीत चढले.

पुढचा रविवार ते आले नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारी मीच गेले. डबा घेऊन गेले. आम्ही दोघं जेवलो. ताईबद्दल बोललो नाही, पण उठताना त्यांनी माझंही ताट उचललं आणि घासून ठेवलं. तेवढ्यावर आमचं पुन्हा सुरू झालं.

भाची माझ्याशी पुन्हा बोलते. आधीसारखं नाही. पंधरा दिवसांतून एकदा फोन येतो, कामाचं सांगते, माझ्या गुडघ्याचं विचारते. तो खेळ ती आता खेळत नाही. बापाला तिने त्यानंतर फोन केला नाही. तो एकच फोन, त्याला आता सात महिने झाले. भाऊजीही मला आता रविवारी उठता उठता काही विचारत नाहीत. चहा घेतात, पेपर वाचतात, जातात.

गेल्या महिन्यात तिने मला सांगितलं की ती नोकरी बदलतेय, आणखी लांब जातेय. मी धीर करून विचारलं, “बाबांना काही सांगू का?”

मला वाटलं, फोन कट झाला.

“नको,” मग ती म्हणाली. “तू काही सांगू नकोस, मावशी. कुणाचंच कुणाला सांगू नकोस. सांगायचं असेल तेव्हा माझं मी सांगेन.”

भाऊजी त्या रविवारी आले, तेव्हा मी त्यांना त्यातलं अवाक्षरही सांगितलं नाही. चहा दिला. साखर संपत आली होती, ते म्हणाले, येताना आणली असती. मी म्हटलं, राहू दे, संध्याकाळी मीच जाणार आहे बाहेर.